मॅक्स फंक्शन सर्वांत मोठा आकडा चुकीचा दाखवतंय – ११ वर्षांच्या पावसाच्या नोंदी

पाऊसवही

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण चूक नेमकी कुठे आहे तेच मला कळत नाहीये.

माझ्या वडिलांनी १ जानेवारी २००९ ते ३१ डिसेंबर २०१९ अशी ११ वर्षं गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी पाऊस मोजला आणि वहीत लिहिला. आता त्यांची नजर साथ देत नाही. वह्यांची पानं पिवळी पडायला लागली, म्हणून मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने तीन महिने बसून सगळं एक्सेलमध्ये उतरवलं. बहुतेक वेळा मी वाचायचे आणि ती टाइप करायची. शेवटच्या दोन वह्या तिने एकटीनेच घरी नेऊन पूर्ण केल्या.

शीट अगदी साधी आहे. ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये पाऊस मिलिमीटरमध्ये, सी मध्ये बाबांचा शेरा. पहिली ओळ शीर्षकाची, नोंदी ओळ २ ते ४०१८, म्हणजे ४०१७ दिवस.

बाबांना एकच गोष्ट विचारायची होती: सगळ्यांत जास्त पाऊस कुठल्या दिवशी झाला? मी मॅक्स लावलं. आधी चुकून =मॅक्स(ए२:बी४०१८) असं दोन्ही कॉलम धरून दिलं, तर उत्तर आलं ४३८३०. एवढा पाऊस पृथ्वीवर पडत नाही. मग फक्त बी कॉलम दिला, =मॅक्स(बी२:बी४०१८). उत्तर ९८.६.

बाबा ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, एका दिवशी १९० च्या घरात गेला होता, मी स्वतः पावसात उभा राहून पात्र रिकामं केलं होतं. साल २०१२ किंवा २०१३. मी ती दोन्ही वर्षं वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घातली, १९० च्या जवळपासचा एकही आकडा दिसला नाही. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, पण आकड्यांच्या बाबतीत त्यांची आठवण आजवर कधी चुकलेली नाही. त्यांना "तुमचा गोंधळ होतोय" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. मॅक्स चुकू शकतं का? एक्सेल २०१६ आहे.

आकडेमोड

मॅक्स चुकत नाही, पण ते जे पाहत नाही ते पाहिलं नाही असं सांगतही नाही. तुमचा घोळ तिथेच असणार असं वाटतं.

आधी तो ४३८३०. एक्सेल तारीख म्हणजे दिवसांची मोजणी म्हणून साठवतं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून पुढे रोज एक वाढवत जायचं. त्या हिशोबाने (एक्सेल १९०० मध्ये नसलेला २९ फेब्रुवारीही एक दिवस धरतं) ३१ डिसेंबर २०१९ बरोबर ४३८३० येतो. तुमच्या शीटमधली शेवटची तारीखच तुम्हाला सर्वांत मोठा आकडा म्हणून मिळाली. ते सोडून द्या.

आता ९८.६. मॅक्सला रेंज दिली की ते त्यातल्या फक्त संख्या बघतं. मजकूर असलेली सेल आणि रिकामी सेल ते निमूटपणे ओलांडून जातं. एरर नाही, सूचना नाही. सगळा कॉलमच मजकूर असला तर चक्क ० देतं. आणि एखादी सेल दिसायला संख्येसारखी असली तरी एक्सेलच्या लेखी मजकूर असू शकते. मागे जागा सोडून एकक टाइप केलेलं असेल, सेलचं फॉरमॅट टेक्स्ट असेल, शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला असेल, तर ती संख्या उरत नाही.

एरवी ओळखायची सोपी खूण म्हणजे संख्या सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. पण कॉलम मध्यावर घेतला असेल तर ही खूण गेली.

तेव्हा दोन सूत्रं लावून आकडे इथे टाका. =काउंट(बी२:बी४०१८) फक्त संख्या मोजेल, =काउंटए(बी२:बी४०१८) रिकामी नसलेली प्रत्येक सेल मोजेल. दोन्हींत फरक आला तर तेवढ्या नोंदी मॅक्सने बघितल्याच नाहीत. (सूत्रं इथे देवनागरीत लिहिली आहेत, शीटमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक टाइप करायचे.)

पाऊसवही

काउंट ३९८८ आणि काउंटए ४००३! म्हणजे १५ नोंदी गायब. आणि हो, बहिणीने कॉलम मध्यावर घेतला होता, छान दिसावं म्हणून.

४०१७ मधून ४००३ गेले, १४ सेल रिकाम्या राहतात. ते बरोबर आहे, आम्ही गावाला गेलेलो असताना बाबांनी त्या दिवसांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. पण या १५ शोधायच्या कशा? चार हजार ओळी पुन्हा डोळ्यांनी बघणं आता होणार नाही.

आकडेमोड

डोळ्यांनी नकोच. बी कॉलम सिलेक्ट करा, होम टॅबच्या उजव्या टोकाला फाइंड अँड सिलेक्ट आहे, त्यात गो टू स्पेशल. तिथे कॉन्स्टंट्स निवडा आणि खालच्या चौकोनांपैकी फक्त टेक्स्टवर खूण ठेवा, बाकीच्या काढा. ओके म्हटलं की मजकूर असलेल्या तेवढ्याच सेल निवडल्या जातील (त्यात शीर्षकही येईल, ते सोडा). लगेच पिवळा रंग भरून टाका, म्हणजे सिलेक्शन सुटलं तरी त्या हरवणार नाहीत. मग रंगावर फिल्टर लावा.

काही बदलायच्या आधी त्या १५ सेलमध्ये काय लिहिलंय ते इथे सांगा.

जलमापन

मी बरीच वर्षं जलाशयाच्या पाणीपातळीच्या आणि पावसाच्या नोंदी ठेवण्याचं काम केलं आहे, म्हणून एक विचारतो. ताई, तुमच्या वडिलांच्या मापकातल्या पात्रावर खुणा किती मिलिमीटरपर्यंत होत्या?

विचारायचं कारण असं: ११ वर्षांत एकही दिवस शंभराच्या वर नाही आणि सर्वांत मोठा आकडा शंभराच्या अगदी खाली, ९८.६. पावसाचे आकडे असे एखाद्या भिंतीला टेकल्यासारखे थांबत नाहीत. तसं दिसलं की ती भिंत बहुधा पात्राची असते, नाहीतर लिहिण्याच्या पद्धतीची.

पाऊसवही

दोघांचंही उत्तर एकाच ठिकाणी सापडलं. लिहिताना माझा हात थरथरतोय.

पात्रावर खुणा १०० मिमीपर्यंतच होत्या. पाऊस जोराचा असला की बाबा मधेच जाऊन पात्र रिकामं करून यायचे आणि सकाळचं मोजमाप त्यात मिळवायचे. पण वहीत ते बेरीज लिहायचे नाहीत, दोन्ही मापं तशीच लिहायचे: १००+८७.४. बहिणीने वहीत होतं तसंच प्रामाणिकपणे टाइप केलं. पुढे बरोबरचं चिन्ह नाही, त्यामुळे एक्सेलने ते मजकूर धरलं. आणि मी १९० शोधत होते, त्यामुळे १००+८७.४ माझ्या डोळ्यांसमोरून गेलं तरी मला दिसलं नाही.

१५ पैकी ९ नोंदी अशा बेरजेच्या आहेत. चार ठिकाणी "थेंब" असं लिहिलंय, म्हणजे जमीन भिजली पण मोजण्याइतकं पाणी पात्रात नव्हतं. उरलेल्या दोन ठिकाणी "३.२ मिमी" असं एककासकट टाइप झालंय.

आकडेमोड

याचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण ही साधी टायपिंगची चूक नाही. चार हजारांतल्या कुठल्याही १५ नोंदी गळाल्या असत्या तर सर्वांत मोठी त्यांतच असण्याची शक्यता फार कमी होती. पण तुमच्याकडे पाऊस शंभराच्या वर गेला की, आणि तेव्हाच, नोंद बेरजेच्या रूपात लिहिली गेली. म्हणजे नेमक्या सगळ्यांत मोठ्या नऊ नोंदी मॅक्सच्या नजरेआड झाल्या. ९८.६ हा पहिला नव्हे, दहावा आकडा असणार.

दुरुस्ती सोपी आहे. त्या नऊ सेलमध्ये फक्त पुढे बरोबरचं चिन्ह द्या: =१००+८७.४. सेलमध्ये १८७.४ दिसेल आणि सेलवर गेलात की वरच्या फॉर्म्युला बारमध्ये वडिलांची दोन्ही मापं जशीच्या तशी दिसतील. बेरीज करून थेट १८७.४ टाइप करू नका. पात्र मधेच रिकामं केलं होतं ही माहिती त्या अधिकच्या चिन्हात आहे, ती पुसू नये असं मला मनापासून वाटतं. बरोबरचं चिन्ह देऊनही सूत्रच दिसत राहिलं तर सेलचं फॉरमॅट टेक्स्ट आहे. ते जनरल करा, एफ२ दाबून पुन्हा एंटर मारा.

"थेंब" असेल तिथे बी मध्ये ० घाला आणि शब्द शेऱ्यात हलवा. "मिमी" काढून टाका. सगळ्या कॉलमला एकक हवंच असेल तर ते कस्टम नंबर फॉरमॅटमधून दाखवता येतं, मग सेलमध्ये संख्या संख्याच राहते. झालं की काउंट आणि काउंटए दोन्ही ४००३ यायला हवेत. ते आल्याशिवाय मॅक्सकडे बघूच नका.

पाऊसवही

दोन्ही ४००३ आले. मॅक्स लावलं. आता उत्तर ४१२ येतंय.

४१२ तर बाबाही मान्य करणार नाहीत. मी आणखी काही बिघडवलं का?

आकडेमोड

नाही. हा आधीपासून... थांबा, आधीपासून असता तर पहिल्यांदाच ४१२ आला असता. दुरुस्त करताना काही टाइप केलंत का? त्या पिवळ्या सेलच्या वरखालच्या सेल बघा.

नाहीतर =लार्ज(बी$२:बी$४०१८,१) असं लावून १ च्या जागी २, ३, ४ देत पहिले दहा आकडे काढा. लार्ज म्हणजे मॅक्सचंच पुढचं रूप, कितव्या क्रमांकाचा मोठा आकडा हवा ते आपण सांगायचं. एकट्या मॅक्सवरून तो आकडा इतरांच्या मानाने कुठे आहे ते कळत नाही, दहा आकडे एकाखाली एक आले की लगेच कळतं.

पाऊसवही

सापडलं. "थेंब" काढून शून्य घालायचं होतं तिथे मी एक ओळ चुकले. वरच्या दिवसाचे ४१.२ मीच पुन्हा टाइप केले आणि दशांश चिन्ह पडलंच नाही. बहिणीला फोन करून वहीच्या त्या पानाचा फोटो मागवला, ४१.२ स्पष्ट आहे. खालच्या थेंबाचं शून्य तेव्हाच घातलं होतं.

पहिले आकडे असे आहेत: १८७.४, १६३, १५१.२, १५१.२, १३४.८... आणि दहावा खरंच ९८.६.

तारीख काढायला इंटरनेटवर बघून हे लावलं: =इंडेक्स(ए२:ए४०१८,मॅच(मॅक्स(बी२:बी४०१८),बी२:बी४०१८,०)). उत्तर ४१४६९. आता मला माहीत आहे की ही तारीखच आहे! सेलचं फॉरमॅट बदललं, १४ जुलै २०१३ आली.

एक अडचण राहिली. १५१.२ दोनदा आलंय, पण लार्जचे दोन्ही आकडे मॅचमध्ये घातले तर दोन्ही वेळा एकच तारीख येते.

तिसरी ओळ

मॅच पहिली जुळणी सापडली की तिथेच थांबतं, दुसऱ्या १५१.२ पर्यंत पोचतच नाही. नव्या एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये फिल्टर फंक्शनने त्या आकड्याच्या सगळ्या तारखा एकदम येतात, २०१६ मध्ये ते नाही. पण तुम्हाला सूत्राची गरजच नाही. शीर्षकाच्या ओळीवर फिल्टर लावा, बी कॉलमच्या बाणावर क्लिक करा, नंबर फिल्टर्समध्ये टॉप १० आहे. दहा ओळी तारीख आणि शेऱ्यासकट समोर येतील, बरोबरीचे आकडे असले तरी दोन्ही दिसतील.

आणि इंडेक्स-मॅच लावताना मॅचमधला शेवटचा ० कधीही विसरू नका. तो नसला तर एक्सेल कॉलम चढत्या क्रमाने लावलेला आहे असं धरून शोधतं आणि भलतीच तारीख तितक्याच आत्मविश्वासाने देतं. मला हे एकदा फार महागात पडलंय.

जलमापन

वडिलांचा आकडा खरा निघाला, फार बरं वाटलं. पण त्या १४ रिकाम्या दिवसांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

घरी कोणी नव्हतं म्हणून नोंद नाही, पण मापक गच्चीवरच होतं आणि पाऊस त्यात साठत होता. परत आल्यावर पहिल्या सकाळी जे मोजलं ते एका दिवसाचं नाही, मधल्या सगळ्या दिवसांचं मिळून आहे. तो आकडा एका दिवसाच्या आकड्यांशी स्पर्धेत धरायचा नसतो. ९८.६ च्या वरच्या ओळी रिकाम्या आहेत का, तेवढं बघा.

डी कॉलम घ्या, शीर्षक "किती दिवसांची नोंद". डी२ मध्ये १ लिहा. डी३ मध्ये =इफ(बी२="",डी२+१,१) लिहून शेवटपर्यंत ओढा. वरची सेल रिकामी असली की मोजणी एकाने वाढते, नसली की पुन्हा १ वर येते. तीन रिकाम्या दिवसांनंतरच्या नोंदीपुढे ४ येईल.

पाऊसवही

९८.६ च्या पुढे ४ आलंय.

म्हणजे मॅक्सने मला सर्वांत आधी जो आकडा दिला तो दहाव्या क्रमांकाचाही नव्हता, चार दिवसांची बेरीज होती. बाबांनी शेऱ्यात "परत आलो" असं लिहिलंय, मी ते वाचून पुढे गेले होते. तो वगळला की दहावा ९६.३.

आता मला वर्षवार तक्ता करायचाय, प्रत्येक वर्षाचा सर्वांत जास्त पावसाचा दिवस. मॅक्सइफ्स नावाचं फंक्शन सापडलं, पण माझ्याकडे नेम एरर येते.

आकडेमोड

मॅक्सइफ्स एक्सेल २०१९ पासून आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, गूगल शीट्समध्येही चालतं. २०१६ मध्ये मॅक्सच्या पोटात इफ घालायचं. एफ२ पासून खाली वर्षं लिहा, २००९, २०१० अशी, आणि जी२ मध्ये:

=मॅक्स(इफ((इयर(ए$२:ए$४०१८)=एफ२)*(डी$२:डी$४०१८=१),बी$२:बी$४०१८))

नुसतं एंटर नाही, कंट्रोल आणि शिफ्ट धरून एंटर मारा. सूत्राभोवती महिरपी कंस आपोआप येतील. ते हाताने टाइप करायचे नाहीत. दोन अटींमधलं गुणाकाराचं चिन्ह म्हणजे "दोन्ही खरं असेल तरच". डॉलरमुळे खाली ओढताना नोंदींची रेंज जागची हलत नाही, फक्त एफ२ चं एफ३, एफ४ होतं. जलमापन यांनी सुचवलेली एक दिवसाची अट मी मुद्दाम आत घातली आहे.

पुढे कधी नव्या नोंदी भरणार असाल तर बी कॉलमला डेटा टॅबमधून डेटा व्हॅलिडेशन लावा: डेसिमल, किमान ०, कमाल तुम्हाला शक्य वाटेल तेवढी. मग ४१२ किंवा "थेंब" टाइप केलं तर शीट तिथल्या तिथे अडवेल.

पाऊसवही

अकरा वर्षांचा तक्ता झाला. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल संध्याकाळी बाबांना वाचून दाखवला. १४ जुलै २०१३, १८७.४ म्हटल्यावर ते नुसते "हं" म्हणाले, जणू त्यात नवीन काहीच नव्हतं. मग विचारलं, दुसरा कुठला? मी १६३ म्हटलं आणि तारीख सांगायला खाली ओळ शोधत होते, तोवर त्यांनीच सांगितली. दिवससुद्धा बरोबर.

बहिणीने एकटीने टाइप केलेल्या दोन वह्या आज रात्रीपासून आम्ही पुन्हा बसून ताडून बघतोय. मोठे आकडे तपासून झाले, पण ४१.२ चे ४१२ झाले तसे कुठे ६.४ चे ६४ झाले असतील तर ते मॅक्समध्येही दिसणार नाहीत आणि लार्जमध्येही. ती वाचणार, मी बघणार.